काडीपेटी

सीपीआरमध्ये एक पोरगी आहे,
गडहिंग्लजची असावी, हेल तसा.
नाकाला चिमटा लावते, तोंडात नळी देते
आणि पडद्यावर आठ मेणबत्त्या पेटवते.
'फुंका आजोबा, फुंका, फुंका, अजून, अजून...'
मी तीन विझवल्या.
चौथी हलली नुसती.
तिनं कागद फाडून दिला, माझ्याकडं न बघता.

एकेचाळीस वर्षं विडी.
उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो तेव्हा मिसरूड फुटत होतं.
मेस्त्रीनं पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या:
टूलला धार कशी लावायची
आणि वाऱ्यात काडी कशी धरायची.
दोन्ही हातात बसल्या.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही,
राहिलं ते राखायचं.
हे टर्नरला काय सांगायचं?
लोखंड काढता येतं, परत चिकटत नाही.
अर्धं सूत जादा गेलं की जॉब भंगारात.
रोज थोडा थोडा फीड देत राहिलो छातीला,
माप घ्यायचं राहूनच गेलं.

सोडली ती पाडव्याला नव्हे, कुणाची शपथ घेऊनही नव्हे,
एका मंगळवारी, बंडलात चार शिल्लक असताना.
गंगावेशीत दुधाचा पेला रिकामा केला,
हात खिशाकडं गेला
आणि खोकला आला, असा
की धारेची म्हैस मान वळवून बघायला लागली.
गवळी म्हणाला, 'बसा मामा.'
बसलो.
चारी विड्या गटारात सोडल्या, एकेक करून.

पुढचं कुणी सांगत नाही.
तोंड आलं, कोठा बांधला,
नातवावर विनाकारण ओरडलो.
आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं,
तर मीठ होतं.
सकाळी दोन, रात्री दोन दम पंपाचे;
दम मारतोच आहे म्हणायचं, पावडरीचा.
आण्णाप्पा गेला फुप्फुसानंच, शेजारच्या मशीनवरचा,
जन्मात विडीला न शिवलेला.
लोक त्याचं उदाहरण देतात.
मीही द्यायचो.

मग एकदा नाक परत आलं.
ट्रंकेतला जुना कोट काढला, हुंगला,
आणि शालनकडं बघितलं.
इतकी वर्षं ही याच्या शेजारी निजली.
काही बोललो नाही. तीही नाही.
कोट तिनं बादलीत बुडवला,
पाणी तीनदा बदललं.

काल तिन्हीसांजेला लाईट गेली.
देव्हाऱ्यापाशी ती हात पुढं करून,
'काडीपेटी द्या की.'
सवयच. लग्नापासून या घरातला जाळ
माझ्या खिशातनंच निघालेला,
स्टोचा, बंबाचा, निरांजनाचा.
खिसा चाचपला.
चष्म्याचं घर, पंप, बसचा पास.
अंधारात दोघं तशीच उभी.
ती हसली की काय, कळलं नाही.

इलाहीच्या टपरीपर्यंत चार खांब,
दर खांबाला एकदा टेकलो.
मेणबत्तीच्या उजेडात त्यानं मला ओळखलं,
हात आपसूक वरच्या फळीकडं गेला
आणि मध्येच थांबला.
'काडीपेटी फक्त.'
त्यानं उधारीची वही काढली,
माझं पान शोधायला वेळ लागला,
एकशे बारा दिवस उघडलं नव्हतं ते.
लिहिलं: काडीपेटी, एक.

वात लागली. काडी जळत बोटाशी आली.
फुंकली.
हलली नुसती.
परत फुंकली.
धुराची एक रेघ
देवाच्या फोटोपर्यंत गेली, तिथं मोडली.
मी तिच्याकडं बघत राहिलो,
शालन माझ्याकडं.