शून्य पॉइंट दोन आठ

सोयरू वेळीपाचा टिप्पर
भाडं नसलं की दहाव्या दिवशी मरतो.
ढकलायला माणसं कुठून आणायची,
म्हणून उतारावर ठेवतो तो, रिवणला, फणसाखाली,
चाकाला चिरा लावून.

दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, नव्या, पावतीसकट.
अल्टरनेटर मडगावहून भरून आणला.
"कोण पिता रे करंट?" तो मला विचारतो,
जणू मी त्याच्या घरातल्याच कुणाचं नाव घेणार आहे.

गुड्डेमळला माझं दुकान. दुकान म्हणजे पत्रा, एक बाक
आणि आग्नेल मेस्ताचा जुना मीटर, काचेला तडा गेलेला.
मेस्त म्हणायचा, चोर पकडायचा तर आधी सगळं झोपू दे.
दारं लाव. चावी काढ. कॅबिनचा दिवा बघ.
मग मायनसची केबल सोड
आणि तिच्या नि बॅटरीच्या मधोमध मीटर धर,
कुशावतीत गुडघाभर उभं राहून
पाण्याची ओढ पिंडऱ्यांनी मोजावी तसा.

शून्य पॉइंट दोन आठ.

झोपलेल्या गाडीला एवढं लागत नाही.
घड्याळाला चालतं थोडं; या टिप्परला घड्याळही नाही.
बाकावर खडूनं हिशेब मांडला:
दिवसाला पावणेसात,
दहा दिवसांत सदुसष्ट.
शंभराच्या बॅटरीत मग जे उरतं
ते स्टार्टर फिरवायला नाही,
फक्त कट् म्हणायला पुरतं.

फ्यूज एकेक काढला. हॉर्न. वायपर. मागचे दिवे.
तसबिरीवरच्या हिरव्या माळेवर माझा संशय होता,
चहा पिताना तिला नीट बघून घेतलं.
दोन आठ.
सगळे फ्यूज माझ्या तळहातावर, रंगीत, गोळ्यांसारखे,
आणि तरी दोन आठ.
अल्टरनेटरची जाडी तार सोडली. दोन आठ.

तेव्हा कळतं, जो पितोय
तो दारातून आलेलाच नाही.

मीटर तसाच ठेवून बोटं घातली.
बॅटरीच्या खांबावरून निघालेली एक बारीक तांबडी तार
कुठल्याही फ्यूजला न विचारता
चेसिसच्या कडेनं, कॅबिनच्या पोटातून वर,
डॅशबोर्डमागे, जिथे खाणीची धूळ अजून
विटेच्या चुऱ्यासारखी नखात जाते.
तिथे एक काळी डबी, अंगाला कोमट.
हिरवा ठिपका लुकलुकत होता.

सोयरूनं लगेच ओळखली.
खनिज चालू होतं तेव्हा बसवलेली.
कागद घेऊन पहाटेपासून रांगेत उभा होता तो;
डबी नसली तर खाणीच्या गेटात घेत नव्हते.
गाडी कुठे आहे ते ऑफिसात दिसायचं:
खाण, काटा, कापशाचा धक्का, परत खाण.
आता गेटावर रान वाढलंय. सिम कधीच मेलं.
डबी मात्र रात्रभर टॉवर शोधते,
टिप्पर फणसाखाली आहे
एवढं सांगायला.

मी तारेला पक्कड लावली.
"राव मरे," तो म्हणाला.
"उद्या परत सुरू झालं तर मागतील."
कोण मागतील ते तो बोलला नाही.
मी पक्कड मिटली.
मध्ये एक स्विच बसवला, वीस रुपयांचा,
स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्याशी.
बंद केला. मीटर शून्यावर आला.
सोयरूनं चष्मा कपाळावर सारून
ते शून्य वाकून दोनदा वाचलं.

दीड महिन्यानं त्याचा मुलगा आला स्कूटरवरून:
पप्पांची गाडी उठत नाही.
मी रिवणला गेलो. दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या.
स्टिअरिंगखाली हात घातला.
स्विच चालू होता.

सोयरू चाकाखालचा चिरा
उगाच सरळ करत बसला होता.
मी चार्जरचे चिमटे लावले
आणि चहा आहे का विचारलं.