तिसरी खुंटी

आत्याला पुरून आल्यावर
तारयेईने कपाटातून चषक काढला,
दोन्ही हातांनी, नेटाने,
वासरू ओढून घ्यावं तसा,
आणि ओल्या फडक्यावर चुलीतली राख घेऊन
काळवंडलेली चांदी घासत बसला.
कुणीच बोलत नव्हतं.
फ्योर्डचं पाणी खिडकीपर्यंत करडं.

तीन पायांवर उभा असतो तो.
प्रत्येक पाय म्हणजे सिंह, पंजाखाली गोळा.
घडवणाऱ्याने सिंह कधी पाहिला नसणार.
बर्गनच्या धक्क्यापाशी त्याचं दुकान,
उंबऱ्यावर झोपणारा कुत्रा,
आणि कुणीतरी दाखवलेलं बायबलातलं एखादं चित्र.
म्हणून आमचे सिंह हे असे :
कान पडलेले, आयाळ भिजल्यासारखी,
भुंकावं की डरकाळी फोडावी
त्यांचं त्यांनाच ठरत नाही.

डाळिंबांचंही तेच.
झाकणाच्या खटक्यावर जुळी डाळिंबं आहेत,
अंगठा टेकायला.
उकललेल्या सालीतून दाणे दिसतात, मोजून अकरा.
आमच्या खोऱ्यात खरं डाळिंब आलं
ते मी बारा वर्षांची असताना, सुपरमार्केटात.
आत्याने ते हातात घेऊन फिरवलं, हुंगलं,
परत ठेवून दिलं.
म्हणाली, "आपल्यावरचं बरं आहे."

झाकणात एक नाणं बसवलंय.
राजा कोणता, ते आता सांगता येत नाही,
इतक्या तळव्यांनी त्याचं नाक पुसून नेलं.
बुडाला नागमोडी ओरखडा,
चांदीचा कस पाहिल्याची खूण.
अंगभर ट्युलिप, देठ एकमेकांत अडकलेले.

पण हे सगळं पाहुण्यांसाठी.
आमचं आहे ते आत :
मुठीच्या बाजूला, एकाखाली एक,
आठ खुंट्या.
पहिल्याने पहिल्या खुंटीपर्यंत प्यायचं,
दुसऱ्याने दुसरीपर्यंत.
थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.
लग्नातही असंच, मयतातही असंच.

तिसरी खुंटी मोडलेली आहे.

आस्मुंद आणि ब्रिन्युल्फ, सख्खे भाऊ,
बांधाच्या दगडावरून वाद,
आणि बापाच्या तेराव्याला म्हणा हवं तर,
आमच्याकडे त्या दिवशी बिअर असते,
ब्रिन्युल्फने चाकूच्या टोकाने ती उपटली.
म्हणाला, आता सांगा माझा वाटा कुठे संपतो.
दुसऱ्या कथेत आस्मुंदने उपटली.
आम्ही आस्मुंदचे, म्हणून पहिली कथा सांगतो.

तेव्हापासून तिसरा बसेल त्याला
मनानेच थांबावं लागतं.
चाळीस वर्षं तिसरी आत्या होती.
कशी थांबायचीस, मी एकदा विचारलं.
"तहान लागली की," ती म्हणाली,
आणि बटाटे सोलत राहिली.

आज तिच्या जागी मी.
तारयेई प्याला, रान्नवेग प्याली,
चषक माझ्याकडे आला,
वाटलं होतं त्याहून जड.
जुनिपरचा वास, ओठांना गार कड.
आत पाहायचं नसतं.
एक घोट. दुसरा. तिसरा
घ्यावासा वाटला, आणि
मी चषक खाली केला.

चौथा आस्लाक.
त्याने तो खिडकीकडे तिरका धरला,
आत बराच वेळ पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि प्याला.

रात्री धुताना मी बोट आत घातलं.
मोडलेल्या खुंटीचा बुंधा लागला, गुळगुळीत.
त्याच्या वर, तांदळाएवढ्या अंतरावर,
एक बारीक आडवी रेघ.
सुईची असेल.
किंवा राखेने घासणाऱ्या कुणाच्या नखाची.
दिव्यापाशी नेऊन पाहिलं,
तिथे नेल्यावर ती दिसेना.

पुसून कपाटात ठेवला,
सिंहांची तोंडं दाराकडे करून.
आत्या तशीच ठेवायची.