डावीकडे वळलेल्या तारा

एव्हारिस्तो मान्सिया, वय एकसष्ट,
मेंढ्यांची लोकर कातरणारा,
पुंता अरेनासच्या वाऱ्यातून सांतियागोला आला
तेव्हा दोन पायऱ्यांत त्याला धाप लागत होती.
वासराच्या हृदयावरणातून शिवलेली त्याची झडप
अकरा वर्षांनी कडेने गळू लागली होती.

एक्स-रे उजेडावर धरला.
छातीच्या हाडात सात पोलादी तारा,
सातांचीही शेपटं डावीकडे.
फाइल उघडायची गरजच नव्हती.
असं पिळणारा डावखुरा हात या शहरात एकच:
डॉन आन्सेल्मो.
गाठ मारायला मला त्यांनीच शिकवलं,
खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून, कॉफी गार होईपर्यंत.
मार्चमध्ये आम्ही त्यांना माती दिली.

जुन्या शिवणीवरूनच करवत चालवावी,
तर सीटी सांगतो, हृदय हाडाला आतून धरून बसलंय,
पातेल्याला लागलेल्या दुधासारखं.
मध्ये जेमतेम दोन मिलिमीटर.
मांडीच्या शिरेतून नळी सरकवून
जुन्या झडपेतच नवी बसवावी,
तर चौकटच भिंतीपासून सुटलेली;
नवं दार लावून काय होणार?
उरली उजवी बाजू:
चौथ्या बरगडीखालची फट,
मांडीतून यंत्राला जोडलेलं रक्त,
लांब हत्यारं, चिंचोळा उजेड.

मीटिंगमध्ये मी दोन मिलिमीटर सांगितले.
सगळ्यांनी माना हलवल्या.
तारांबद्दल मी काही बोलले नाही.

रात्री स्वतःला विचारलं:
चार असते मिलिमीटर, सहा असते,
तर उचलला असतास का तार कापायचा चिमटा?
तेव्हा उत्तर आलं नाही.
अजूनही येत नाही.

आणि आत, त्या फटीच्या तळाशी,
त्यांचे टाके होतेच.
हिरवे, एकसारख्या अंतरावर,
दोन जागी मात्र सुटलेले.
झडप काढायची तर सगळेच कापायला हवेत.
कापले. एकेक, मोजून.
नर्स ओलान्दाने विचारलं, थांबायचंय का?
म्हटलं, नाही, चष्म्यावर वाफ आलीय.

चौथ्या दिवशी एव्हारिस्तो उशीला टेकून बसला होता.
“या वेळी कुठलं जनावर?”
“पुन्हा वासरूच.”
“हं. मागचंही गुणी होतं.”
मग छातीच्या मधल्या जुन्या व्रणावर बोट ठेवून म्हणाला,
“हे फाटक उघडलं नाहीत.”
“नाही.”
“बरं केलंत. आमच्याकडे वारा फार.”