एका जबाबाचा भत्ता

शिवाजीनगर कोर्ट, खोली तेरा.
पंख्याला आवाज आहे, वारा नाही.
मी साक्षीदार नाही, आरोपीही नाही,
दोघांच्या मधे उभी केलेली जीभ आहे,
जबाबामागे ठरलेल्या भत्त्यावर.

पिंजऱ्यात झुंबरबाबा, पंचांतला थोरला.
धोतर नवं, खास कोर्टासाठी घेतलेलं,
घडीची रेघ अजून मोडलेली नाही.
पाळण्यात ठरलेली सोयरीक मुलीनं मोडली
म्हणून त्यानं तिचं घर वाळीत टाकलं.
त्या घरात आजा वारला
तेव्हा खांद्याला माणसं पुरली नाहीत.
चौथा खांदा एका रिक्षावाल्याचा,
परजातीचा, नाव माहीत नसलेला.
एवढंच फिर्यादीत आहे.

साहेब विचारतात, हे का केलंत?
बाबा एकच शब्द बोलतो.

आमच्या बोलीतला तो शब्द
आईनं मला हजारदा ऐकवलाय,
भाकरी थापताना, कानाखाली देताना.
मराठीत त्याचे दोन होतात.
'रीत' म्हटलं तर म्हातारा भोळा ठरतो,
'कायदा' म्हटलं तर बंडखोर.
टायपिस्टची बोटं अधांतरी.
मी दोन्ही सांगते.
साहेब म्हणतात, एकच सांगा.

तेवढ्यात तो स्वतःच सुटतो, भरभर,
मला मागून धावावं लागतं:
"तुमच्या कायद्यानं माझ्या आज्याला
पाळण्यातच चोर लिहिलं, साहेब.
रोज सांजेला पाटलाच्या ओट्यावर हजेरी.
लग्नाला जायचं, चिठ्ठी. मयताला जायचं, चिठ्ठी.
तेव्हा आमचा न्याय कोण करत होतं?
हेच पंच, लिंबाखाली बसून.
आता म्हणता, तो न्यायच गुन्हा."

हे मी नीट सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही.
सांगताना माझा आवाज दुभाषीचा राहिला नाही
हे सरकारी वकिलांच्या लक्षात आलं.

जेवणाच्या सुट्टीत ते मला म्हणाले,
"ह्या लोकांना ना, कायद्याची भीतीच नाही,"
आणि बोडक्या डोक्यानं
संचेतीच्या चौकाकडे उलट्या बाजूनं गेले.
हेल्मेट ह्या गावात चालत नाही. का,
तर ते पुण्याच्या स्वभावात नाही.
माझंही डिकीतच असतं.

दुपारी पायल. खराडीच्या ऑफिसचं कार्ड गळ्यात,
अर्ध्या दिवसाची रजा.
सवयीनं मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
"दुभाषी नको," ती म्हणाली, "मला मराठी येतं."
येरवड्याचं, घाईचं,
पण तिचं.

"हजेरीचं खरंय. आजापण सांगायचा.
त्यांना पाळण्यात चोर लिहिलं,
मला पाळण्यात बायको लिहिलं.
ही माझीपण रीत आहे ना, साहेब?
मग ह्यात माझी सही कुठंय?"

कुणीतरी खोकलं. टायपिस्टनं विचारलं, हे घ्यायचं का?
घ्या, साहेब म्हणाले.

जाताना ती पिंजऱ्यापाशी थांबली,
वाकून नमस्कार केला म्हाताऱ्याला.
त्याचा हात उठला, जुन्या सवयीचा,
आणि आपणच हिला वाळीत टाकलंय हे आठवून
मधेच राहिला,
ना खाली, ना तिच्या डोक्यावर.

निकाल पुढच्या तारखेला.
खिडकीतला कारकून म्हणाला,
"बाई, एकाच जबाबाचा भत्ता मिळेल.
दुसरीनं तुम्हाला घेतलं कुठं?"
मी सही केली.

पार्किंगमध्ये डिकी उघडली,
हेल्मेट हातात धरून बराच वेळ उभी होते.
बाबाचा तो शब्द जिभेवर तसाच,
अजून कुठल्याच भाषेत न पडलेला.