बाटलीला भोक

मुंदडा डॉक्टर म्हणाले, स्पेसर महाग पडत असेल तर
पाण्याची बाटली घ्या, अर्ध्या लिटरची,
बुडाला पंपाच्या मापाचं भोक पाडा. जमेल?

मला हसू आलं.
सोळा वर्षं रोलिंग मिलवर आहे, साहेब,
लालभडक सळई चिमट्यात धरून वळवतो,
अन् भोक पाडायचं मला विचारता?

घरी येऊन गॅसवर तुकडा तापवला,
वीस एमएमचा, आमच्याच मिलचा,
फिरवत फिरवत बुडात घातला. चर्रर झालं.
त्याचाच धूर घरभर,
अन् यशोधरा खोकायला लागली.

'दम धरा की जरा,' बायको म्हणाली, 'दार तरी उघडा.'
दार उघडलं.
बाहेर चंदनझिऱ्याची रात्र, भट्ट्या पेटलेल्या.
रात्री वीज स्वस्त पडते म्हणे.
लेकराचा श्वासही रात्रीच अडतो.
दार लावलं.
मग परत उघडलं.

जुनी माणसं म्हणायची, जालना सोने का पालना.
सोनं काही आम्ही पाहिलं नाही.
तिला अक्षरं पाटीवर आली नाहीत,
टाकीच्या झाकणावर आली, बोटानं,
रोज सकाळी नवी काळी पाटी.

परवा शाळेत चित्र होतं, 'माझे गाव'.
तिनं आभाळ विटकरी रंगवलं.
बाईंनी खाली लाल पेनानं लिहिलं,
आभाळ निळे असते. पालकांची सही आणावी.
मी सही केली.

रात्रीचे अडीच.
गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो,
बरगड्या एकेक मोजता येतात.
मिलचा पंखा बंद पडला तर
पाच मिनिटांत फिटर हजर होतो.
इथं मी, माझे भाजलेले हात
अन् ही बाटली.

पंप हलवतो. दाबतो.
बाटली आतून पांढरी होते.
'पाच श्वास घे, हळू. मी मोजतो.'
एक. दोन.
तिसऱ्याला ढास लागते.
पुन्हा एकपासून.

थोडं मोकळं झालं तशी
तिनं तोंड बाजूला केलं, लेबलावर बोट ठेवलं.
तिथं बर्फाचा डोंगर, वर निळं निळं.
'बाबा, बघा, बाईंचं आभाळ.'

बोलू नको, म्हणालो,
पाच झाले नाहीत अजून.