अठ्ठावन्न नंबर

अंबडला, पॉवर प्रेसवर, डाव्या करंगळीची
दोन पेरं गेली. बोनसचा आठवडा होता.
मालकांनी मग स्टोअरमध्ये बसवलं, कॉम्प्युटरवर.
लिनक्स. फुकट असतं म्हणून.

कंट्रोलचं बटण डावीकडे, खाली, पार कोपऱ्यात.
तिथे करंगळी पोचते.
मी अख्खा पंजा वाकडा करून
एकेक चलन सेव्ह करायचो.

गांगुर्डे मॅडमनी दोन दिवस पाहिलं.
तिसऱ्या दिवशी, डबे धुऊन झाल्यावर,
काळी खिडकी उघडली. म्हणाल्या, कॅप्स लॉक दाबा.
आकडा आला: अठ्ठावन्न.
दाबलं की एक.
धरून ठेवलं की दोन, दोन, दोन, दोन.
सोडलं की शून्य.
"बटणाला एवढंच ठाऊक, सोनवणे.
पाठीवर काय छापलंय ते त्याला वाचता येत नाही.
नाव वरच्या मजल्यावर ठरतं. यादी असते."

यादीत एक ओळ बदलली.
मराठीत मोठी अक्षरं नसतातच,
ते बटण तसंही बसून पगार खात होतं.
आता ते कंट्रोल. अनामिकेच्या अगदी शेजारी.
जिला नावच नाही, तिच्याकडे हे काम आलं.

कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट: एकटी काही लिहीत नाहीत.
पाय मोडल्याच्या खुणेसारखी.
तिला स्वतःचा आवाज नाही,
पण लागली की अक्षराचा श्वास अर्ध्यात तुटतो.

एकदा मात्र घोळ झाला.
बटण माझ्या बोटाखाली असतानाच मॅडमनी यादी फिरवली.
मग काहीही टाइप करा, हुकूमच सुटायचा.
एक अक्षर, खिडकी बंद. दुसरं, सगळं सिलेक्ट.
मी दोन्ही हात वर धरून बसलो, पोलिसासमोर बसावं तसा.
"दाबलं एका नावानं, सुटलं दुसऱ्या नावानं," त्या म्हणाल्या.
"पहिल्याला कुणी कळवलंच नाही, बोट उचललंय म्हणून.
ते अजून दाबलेलंच आहे, त्याच्या लेखी."

पाथर्डी फाट्याला बसमधून उतरलो.
थंडी होती, द्राक्षांच्या क्रेटचा ट्रक उभा होता, इंजिन चालू.
खिशातला डावा हात, आणि त्यात
नसलेल्या करंगळीचं टोक खाजत होतं.
दोन, दोन, दोन.
डॉक्टर म्हणाले होते, जाईल हळूहळू.

मॅडमनी ते कसं सोडवलं?
काही नाही. जुनी यादी परत लावली,
बटण एकदा नीट दाबलं,
नीट सोडलं.