पान मधे आलेला फोटो

खानापुरात, बसस्टँडसमोर माझा स्टुडिओ.
पासपोर्ट साईझ, साखरपुडे, बारशी.
पाटी दोन भाषांत, कन्नड वर, नियमाप्रमाणे मोठी.
गिऱ्हाईक पाटी वाचतच नाही, बघतं
काचेतला स्वर्गीय नर्तक,
घरट्यात बसलेला,
शेपटीच्या पांढऱ्या फिती खाली सोडून.
"काय आलाय हो!" म्हणतात.
आलाय खरा.

जांबोटीच्या पुढे, ओढ्याकाठी,
जांभळीच्या खालच्या फांदीला
द्रोणाएवढं घरटं; नाही, द्रोणाहून लहान.
कोळ्याच्या जाळ्यानं शिवलेलं,
बाहेरून भुरकट, कुणाच्या नजरेत भरू नये असं.
मधे एक पान येत होतं.
एकच.
खिशात हाराचा दोरा होता, आदल्या दिवशीच्या लग्नातला.
डहाळी मागे ओढून बांधली.
पान तोडलं नाही,
याचंच मला केवढं कौतुक!

दुपारचं ऊन त्या फटीतून सरळ आत उतरलं.
मी एक्स्पोजर थोडं कमी केलं.

चौथ्या दिवशी प्रिंट घेऊन गेलो मोनाप्पाकडे,
जंगलखात्यातला वॉचर.
त्यानं फोटो लांब धरला, मग जवळ,
मग काही न बोलता पुढे चालू लागला.
घरटं होतं. आत काही नव्हतं.
साप, कावळा, की नुसतं ऊनच,
कुणास ठाऊक.
दोरा मात्र होता. माझी गाठ पक्की.
"काय बघूलास?" तो म्हणाला,
"अंड्यांस्नी सावली पायजे व्हती,
तुला उजेड."
आणि बिडी न पेटवताच परत कानावर ठेवली.

मी दोरा सोडला.
डहाळी सटकन जागेवर आली,
पान थरथरलं
आणि बरोबर घरट्यापुढे येऊन थांबलं.

काचेतला फोटो अजून उतरवलेला नाही.
उतरवला तर विसरेन म्हणून,
की गिऱ्हाईक येतं म्हणून,
हे मी स्वतःला नीट विचारलेलं नाही.

आता ओढ्याच्या अलीकडेच बसतो.
मोबाईलवर शीळ वाजवून बोलावत नाही.
बेळगावचे एक डॉक्टर जागा विचारतात,
गाडी पाठवतो म्हणतात.
यंदा दिसलाच नाही बघा, मी म्हणतो.
खोटं बोलायची सवय नव्हती.
लागली.

परवा एक आलाय:
तीन भाग पानं, एक भाग अंधार,
कोपऱ्यात फितीचं टोक, तेही हललेलं.
मोनाप्पा खूप वेळ बघत राहिला.
"ह्यात पक्षी कुठं हाय?"
"आहे की," म्हटलं, "घरात."